पीच कॉब्लर: दोघींनी गप्पा मारत करायचा प्रकार (मुळातच बिनअंड्याचा)

अंगतपंगत:
परवा आइस्क्रीमच्या धाग्यावर मी कॉब्लरचा उल्लेख केला तर लगेच पाककृती मागितली गेली. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांनी खाल्लं नाहीये त्यांच्यासाठी आधी सांगते. शिजून रसरशीत झालेली फळं, त्यांच्या अधूनमधून आणि वर मऊ केकसारखा थर, आणि भांड्याच्या कडेकडेने लोण्यात तळल्यासारखा कुरकुरीत तांबूस भाग, ज्यावरून घरात भांडणं होतात. ह्याच्या वड्या पडत नाहीत, सुबक तुकडा निघत नाही, मोठ्या चमच्याने वाडग्यात काढायचं, गरम असतानाच, वर व्हॅनिला आइस्क्रीम. दिसायला गबाळंच असतं आणि तसंच असायला हवं. अंडं फेटणं, लोणी-साखर फेसणं, केक मधे बसला म्हणून हळहळणं, ह्यातलं काही नाही.

मी अटलांटाच्या बाहेरच्या भागात राहते. हे मला शिकवलं ते इथल्याच एका मैत्रिणीने, तिचं आजोळ मेकनच्या पुढे पीच काउंटीत. हो, जिल्ह्याचं नावच पीच, १९२४ मधे वेगळा काढलेला. तिच्या घरी प्रमाण तोंडपाठ, एक कप पीठ एक कप साखर एक कप दूध, संपलं. मी त्यात साखर कमी केलीये, बाकी तिचंच.

आता दोघींनी का, तर नुसती सोबत म्हणून नाही. ह्यात तीन गोष्टी एका वेळी तयार असाव्या लागतात: ओव्हनमधे वितळलेलं गरम लोणी, नुकतं कालवलेलं पीठ आणि कोमट फळं. बेकिंग पावडर दुधात भिजली की कामाला लागते, पीठ कालवून मग निवांत पीच सोलत बसलात तर अर्धा जोर वाटीतच संपतो. एकटीनेही होतं, पण मग फळं आधी करून ठेवायची. दोघी असलात की एक सोलते-चिरते, दुसरी पीठ आणि ओव्हन बघते. आमच्यात सोलायचं काम माझं कारण आंब्याच्या फोडी करून माझा हात बसलाय असं तिचं म्हणणं.

प्रमाण साधारण ९ इंची चौकोनी, दोन इंच खोल भांड्यासाठी. पीच पाच-सहा, म्हणजे चिरून चार कप, वजनात ७०० ग्रॅमच्या आसपास. त्यांना पाव कप साखर, एका लिंबाचा रस, चिमूट जायफळ, चिमूट दालचिनी. पिठासाठी १ कप मैदा (१२५ ग्रॅम), पाऊण कप साखर (१५० ग्रॅम), दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, १ कप दूध, फ्रीजमधलं गार नको. लोणी ८५ ग्रॅम, इथल्या कांडीच्या हिशोबात पाऊण कांडी. कप म्हणजे मोजायचा २४० मिलीचा, चहाचा नाही.

पीच सोलायला: बुडाला उभी-आडवी चीर द्यायची, उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट, तिथून थेट बर्फाच्या पाण्यात. पिकलेलं असेल तर साल अंगरख्यासारखी निघून येते. सुरुवातीच्या पीचचा गर बीला चिकटलेला असतो, जून उलटला की सुटी बी असलेली जात येते, कॉब्लरला तीच घ्या, नाहीतर चाकू आणि सहनशक्ती दोन्हीची परीक्षा. फोडी जाडसर, पातळ केल्या तर जॅम होतो.

ओव्हन १८० से. (इकडे ३५० फॅ.) वर लावला की भांड्यात लोणी टाकून भांडं आतच ठेवून द्यायचं, ओव्हन तापेपर्यंत ते वितळतं, फेस यायला लागला की बाहेर, करपू द्यायचं नाही. तोवर दुसरीने फोडी-साखर-लिंबू-मसाला गॅसवर ठेवायचं, साखर विरघळून एक उकळी आली की बंद. आणि पीठ: कोरडं सगळं एकत्र, दूध घालून व्हिस्कने फिरवायचं, धिरड्याच्या पिठाइतकं पातळ. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतं.

आता मुख्य. पीठ लोण्यावर ओतायचं. ढवळायचं नाही. त्यावर फळं, रसासकट, चमच्याने सगळीकडे पसरून. ढवळायचं नाही. ओतल्याबरोबर कडेला चर्र आवाज येतो आणि लोणी पिठाच्या वरून कडेकडेने सोन्यासारखं वाहायला लागतं, त्या क्षणी हात शिवशिवतोच, मी चमचा घेऊन पुढे झाले तर बाईंनी मनगटावर फटका मारून चमचा काढून घेतला आणि सिंकमधे टाकला. फळ जड म्हणून खाली जातं, पीठ फुगून त्याच्या वर येतं आणि लोणी कडेला पीठ तळून काढतं. ढवळलंत की लोणी पिठात जिरतं, मग कुरकुरीत कड विसरा.

४५ ते ५५ मिनिटं. खाली एक ताट किंवा ट्रे ठेवा कारण रस उतू जातो आणि ओव्हनच्या तळाशी जळतो. वरून खरपूस रंग, आणि कडेलाच नाही तर मधेही रस बुडबुडताना दिसला की झालं. बाहेर काढून वीसेक मिनिटं हात लावायचा नाही, तोवर रस दाट होतो.

शनिवारपेठ:
वाचनखूण साठवलीये. पण पाऊण कप आणि वर पाव कप म्हणजे एक कप साखर झाली की, आणि ही म्हणे कमी केलेली! मूळ किती असेल मग?

अंगतपंगत:
मूळ बऱ्याच घरांत दोन कप असते, एक पिठात एक फळात :) पिठातली अर्ध्या कपापर्यंत खाली आणता येते, त्याखाली नको. साखर नुसत्या गोडीसाठी नसते, तिच्यामुळे वरचा थर मऊ राहतो आणि रंग येतो, फार कमी केली तर पावासारखं फिकट आणि चिवट होतं. फळातली मात्र चाखून ठरवा, पीच गोड असतील तर एक-दोन चमचे पुरे.

उपाशी_बोका:
तोंडाला पाणी सुटलं. फोटो कुठाय?

ओव्हनभीरू:
मस्तच लिहिलंय. प्रश्नांची यादी काढतेय, सॉरी. माझ्याकडे ओटीजी (ओट्यावरचा छोटा ओव्हन) आहे, लग्नात आलेला, पाव गरम करण्यापलीकडे वापरला नाहीये. १) दोन्ही रॉड लावायचे का २) आपलं नेहमीचं टेबल बटर खारट असतं ते चालेल का ३) मैद्याऐवजी कणीक ४) पुण्यात पीच कुठून आणू???

अंगतपंगत:
ओटीजीवाले इथे येऊन सांगतीलच. लोणी खारट असेल तर वेगळं मीठ घालू नकोस, बस. कणीक अर्धी-अर्धी कर, पूर्ण कणकेचं जड होतं आणि ती दूध जास्त पिते म्हणून दोन-तीन चमचे दूध वाढव. इथे दक्षिणेत लोक मऊ गव्हाचं, आधीच बेकिंग पावडर आणि मीठ घातलेलं पीठ वापरतात, व्हाइट लिली नावाचं फार जुनं, मूळचं टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचं, १८८३ पासूनचं. मैत्रीण दुसऱ्या पिठाला हात लावत नाही. मी साधा मैदा वापरते आणि तिला अजून फरक कळलेला नाही, तिला सांगू नका.

शनिवारपेठ:
@ओव्हनभीरू, पीच मिळतात गं. मे अखेर ते जुलै हिमाचल-उत्तराखंडचे येतात, मार्केट यार्डात नक्की, आणि मोठ्या फळवाल्यांकडेही. पण इथपर्यंत येईतो बाहेरून रंगीत आतून कडक असतात, दोन-तीन दिवस कागदी पिशवीत बाहेर ठेव, देठापाशी दाबून आणि वास घेऊन बघ. वास नसेल तर घेऊच नको, त्यापेक्षा प्लम घे. आलुबुखार जून-जुलैत ढिगाने असतात, स्वस्त असतात आणि माझ्या मते कॉब्लरसारख्या गोष्टीला आंबट फळच बरं, आइस्क्रीमबरोबर गोडावर गोड होत नाही. सालंही काढायला नको.

ओटीजीबद्दल: दोन्ही रॉड, पंखा असेल तर चालू, दहा-बारा मिनिटं आधी तापव. भांडं सगळ्यात खालच्या खाचेत नको, त्याच्या वरच्या खाचेत ठेव. छोट्या ओटीजीत वरचा रॉड फार जवळ येतो, अर्ध्या तासाने वर रंग आलेला दिसला आणि आत कच्चं असलं तर फॉइलचा कागद नुसता वर टेकव.

निवृत्त_नाना:
सौ.ला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न, ओव्हन नाही, कुकरमधे होईल का?

मांडवीकाठ:
नाना, होतं, पण वरून रंग येत नाही, उष्णता खालूनच मिळते ना. कुकरची शिटी आणि रिंग काढायची, तळाला मीठ, त्यावर स्टँड, दहा मिनिटं तापवून मग डबा. आम्ही लोणी ओतलेला डबा आधी कुकरातच तापवतो. चवीला छान, पण तो तांबूस कुरकुरीत भाग फक्त तळाला. वर हवाच असेल तर तवा वेगळ्या गॅसवर कडक तापवून शेवटी झाकण म्हणून ठेवायचा, जपून, सौ. वहिनींना एकटीला करायला लावू नका, तवा तुम्ही धरा.

आणि गंमत म्हणजे वरून-खालून विस्तव ही आपली जुनीच रीत. आमच्याकडे गोव्यात तवसळी आणि तुमच्या कोकणातलं धोंडस, काकडी-गूळ-तांदळाच्या रव्याचं, जाड पातेल्यात घालून खाली मंद आच आणि झाकणावर निखारे, असंच भाजायचे. बेबिंकाचा (आमचा थराथरांचा गोड पदार्थ) एकेक थर तर वरच्याच आचेवर, नारळाच्या सोडणांचे निखारे. माझी आई कॉब्लर बघून म्हणाली असती, ह्यात नवं काय.

कॅरोलायनाकर:
@मांडवीकाठ अगदी बरोबर बोललात! इथेही ओव्हन यायच्या आधीचं कॉब्लर तसंच. बिडाचं तीन पायांचं जड पातेलं, त्याच्या झाकणाला कड असते कारण त्यावर निखारे ठेवायचे असतात. टेक्सासमधले गुरं हाकत शेकडो मैल जाणारे लोक, त्यांच्यासोबत स्वयंपाकाची गाडी असायची (ती पहिल्यांदा चार्ल्स गुडनाइटने १८६६ मधे जुन्या लष्करी गाडीत फळ्या-खण मारून तयार केली), त्या गाडीवरचा आचारी सुकवलेली सफरचंदं नाहीतर डब्यातले पीच वापरून कॉब्लर करायचा. अजूनही कँपिंगला करतात. आम्ही मंडळाच्या कँपला केलंय, कोळसे वर जास्त आणि खाली कमी हे एक लक्षात ठेवायचं, उलट केलं तर तळ जळतो आणि वर पांढरंफटक.

बाकी धागाकर्तीला एक प्रेमळ टोमणा: जॉर्जिया स्वतःला पीच स्टेट म्हणवतं, गाडीच्या नंबरप्लेटवरही पीच, पण पिकवण्यात आमचं साउथ कॅरोलायना पुढे आहे. आय-८५ महामार्गावरून शार्लटकडे जाताना गॅफ्नीला पीचच्या आकाराची पाण्याची टाकी बघा, १९८१ पासून उभी आहे, दहा लाख गॅलनची. मागून बघितली की लहान मुलं खिदळतात. मोठेही.

अंगतपंगत:
आणि तुमच्या-आमच्या दोघांच्या पुढे कॅलिफोर्निया आहे, तेव्हा बसा खाली :)) टाकी पाहिलीये, मुलांनी फोटोही काढलेत, इथे टाकण्यासारखे नाहीत.

पण २०२३ आठवतं ना? आमच्याकडचं ९० टक्क्यांच्या वर पीक गेलं. हिवाळा उबदार गेला, झाडं लवकर फुलली आणि मार्चमधे कडाका आला. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर तेव्हा कॅलिफोर्नियाचे पीच होते आणि मैत्रीण ते बघून अशी गप्प झाली की मीच म्हटलं चल ह्या वर्षी ब्लॅकबेरीचं करू. तेही झकास होतं, फक्त बिया दातात येतात.

ओव्हनभीरू:
हे माहीतच नव्हतं. पीचला थंडी लागते का मग? महाबळेश्वरला होत नाहीत ते त्यामुळे?

कॅरोलायनाकर:
हो. झाडाला झोपेतून उठायला आधी ठराविक थंडी मोजून मिळावी लागते, ७ अंशांच्या खाली काहीशे तास, जातीनुसार कमीजास्त. महाबळेश्वरची थंडी तुम्हाला शाल घ्यायला पुरते, पीचला नाही. म्हणून हिमाचल.

वऱ्हाडी_ठेचा:
आमच्या नागपूरच्या संत्र्याचं होईल काय? घरी पेटी येऊन पडली आहे.

अंगतपंगत:
संत्र्याचं नको हो. फोडींवरची पांढरी साल भाजल्यावर कडू होते आणि उरलेला नुसता रस, पिठाला धरायला काही राहत नाही. वरची केशरी साल किसून पिठात घाला, आणि आत सफरचंद. ते मात्र सुंदर लागतं.

निळीशाई:
लंडनहून हजेरी. आमच्याकडे क्रंबलचं राज्य आहे त्यामुळे मला नेहमी प्रश्न पडतो, कॉब्लर, क्रंबल, क्रिस्प ह्यात नेमकं काय वेगळं? इथे पबमधे जे मिळतं त्यात फळं खाली आणि वर मैदा-लोणी-साखर चोळून केलेला भुगा, त्यावर गरम कस्टर्ड. रुबार्बचं मला सगळ्यात आवडतं (फक्त देठ बरं का, पानं विषारी असतात). ब्रॅमली नावाचं आंबट सफरचंद घातलं तर ते शिजून पार कापूस होतं, त्यामुळे मी अर्धी दुसरी कडक सफरचंदं घालते.

शनिवारपेठ:
कॉब्लरला ओलं पीठ, क्रंबलला कोरडा चुरा, क्रिस्पला त्या चुऱ्यात ओट्स. असं मी समजते.

अंगतपंगत:
हो साधारण तसंच. आणि कॉब्लरमधेही दोन पंथ आहेत. एक मी दिलाय तो, पातळ पिठाचा. दुसरा बिस्किटवाला: म्हणजे इथली बिस्किटं, आपली चहाची नव्हेत, मऊ पदरांची गोल असतात ती. त्यात गार लोणी मैद्यात चोळून ताकात पीठ मळायचं आणि त्याचे गोळे फळांवर अंतरा-अंतरावर ठेवायचे. फळं आधी रसासकट भांड्यात. मैत्रिणीच्या मावशीकडे तसं करतात आणि आई-मावशी ह्या दोन बहिणींच्या घरांत त्यावरून जे चालतं ते ऐकून मला उकडीचे की तळणीचे आठवतात. माझं मत विचाराल तर बिस्किटवालं दिसायला देखणं पण नवशिक्याला पातळ पिठाचंच द्यावं, चुकायला जागाच नाही. ताकातलं पीठ जास्त मळलं तर दगड होतो.

उपाशी_बोका:
फोटो???

अंगतपंगत:
बोकोबा, पुढच्या शनिवारी करणार आहोत, टाकते.

निवृत्त_नाना:
एक मूलभूत शंका, राग मानू नये. इतकं छान फळ, ते तसंच का खाऊ नये? आंबा कोणी भाजतं का?

मांडवीकाठ:
नाना, पीच फार पिकला की एका दिवसात डागाळतो, घरात पाच-सहा एकदम पिकले की काय करणार, त्याची सोय आहे ही. उत्तम फळ खावं तसंच, हे खरंय. डागाळलेलं, थोडं आंबट, थोडं जास्त पिकलेलं, ते ह्यात.

आंब्याचं सांगतो. मानकुरादचं करून पाहिलं, तापल्यावर तो वास राहत नाही ज्यासाठी आपण पैसे मोजतो, आणि गर लोण्यासारखा असल्यामुळे फोडी विरघळून पिठात मिसळतात. शिऱ्यात गर शेवटी घालतात ना, तसाच विचार इथेही हवा. तोतापुरी जरा कडकसर घेतला तर फोड टिकते आणि आंबटगोड लागतो. हापूस मात्र नको, पाप लागेल.

शनिवारपेठ:
+१. हापूसच्या बाबतीत तर +१०.

ओव्हनभीरू:
आणि सीताफळ? आमच्या घरामागे झाड आहे.

अंगतपंगत:
सीताफळ तापवलं की कडवट होतं, त्याचं आइस्क्रीम कर आणि कॉब्लरवर घाल की! अंजीर चांगले लागतील मात्र. सासवडकडचे ताजे मिळाले तर चार तुकडे करून, साखर अगदी कमी, लिंबू जास्त. मी इथल्या अंजिरांचं केलंय, जायफळाऐवजी वेलची.

निळीशाई:
एअरफ्रायरमधे कोणी केलंय का? आमचा ओव्हन चालू केला की विजेच्या बिलाची धडकी भरते.

शनिवारपेठ:
मी करते, आम्ही दोघंच असतो. सहा इंची डबा, सगळं प्रमाण निम्मं, १६० वर. वारा जोरात असल्यामुळे वरून भराभर रंग येतो म्हणून पहिला अर्धा वेळ फॉइल घट्ट गुंडाळून, सैल ठेवलंस तर उडून वरच्या कॉइलला चिकटतो. मग फॉइल काढून रंग येईपर्यंत. अर्ध्या तासानंतर बघायला लाग.

वऱ्हाडी_ठेचा:
मायक्रोवेव्ह?

शनिवारपेठ:
नुसत्या मायक्रोवेव्हमधे नाही, कन्व्हेक्शन असेल तर तो मोड लावून होतं. आधी तापवून घ्या आणि बुटका स्टँड वापरा.

ओव्हनभीरू:
आले परत. केलं काल! मैत्रीण आली होती, तिने प्लम चिरले मी बाकीचं. चव कसली भारी होती, कडेचं सगळं तिनेच खाल्लं. एकच, मधला भाग गिच्च वाटत होता, टूथपिक स्वच्छ येतच नव्हती, एक तास होऊन गेला तरी. भांडं काचेचं होतं, जरा लहान आणि खोल, दुधी भोपळ्याची भाजी ठेवते ते.

अंगतपंगत:
अगं वा, अभिनंदन! गिच्च होण्याचं कारण तू स्वतःच लिहिलंयस, लहान आणि खोल. फळाचा आणि पिठाचा थर जाड झाला की कडा शिजतात आणि मधे उष्णता पोचत नाही. पसरट भांडं घे, आणि पीठ-फळं मिळून दोन तृतीयांशापर्यंतच भर. दुसरं म्हणजे प्लम फार रस सोडतात, त्यात एक मोठा चमचा कॉर्नफ्लोर कालवून मग उकळी काढ. कॉर्नफ्लोर नीट उकळल्याशिवाय दाट होत नाही, म्हणून तर मधे बुडबुडे दिसेपर्यंत ठेवायचं म्हटलं. आणि टूथपिक केकच्या भागात घालून बघ, फळात घातलीस तर ती जन्मात कोरडी येणार नाही.

काचेच्या भांड्याबद्दल सगळ्यांसाठीच: फ्रीजमधून काढलेलं भांडं गरम ओव्हनमधे नको, आणि ओव्हनमधून काढलेलं ओल्या ओट्यावर नको, लाकडी पाटावर किंवा जाड फडक्यावर. लोणी आधी तापवतो त्यामुळे भांडं कडक गरम असतं, त्यात गार दूध घातलेलं पीठ ओतायचं नाही, म्हणूनही दूध बाहेर काढून ठेवायला सांगितलंय. बिडाचं पॅन असेल तर ही काळजीच नाही आणि कड सगळ्यात भारी त्यातच येते. फक्त उरलेलं त्यात रात्रभर ठेवू नका, आंबट फळ बिडाचा लेप खातं आणि लोखंडाची चव उतरते.

कॅरोलायनाकर:
उरतं तुमच्याकडे??

अंगतपंगत:
मैत्रीण नसेल तर उरतं. दुसऱ्या दिवशी वरचा थर रस पिऊन मऊ होतो, मायक्रोवेव्हमधे आणखीनच लिबलिबीत. ओव्हनमधे १५० से. वर दहा-पंधरा मिनिटं, परत जीव येतो. फ्रीजमधे तीन दिवस ठीक.

मांडवीकाठ:
डब्यातले पीच वापरले तर? आमच्याकडे ताजे क्वचित येतात, डबे दुकानात असतात.

अंगतपंगत:
चालतात की, इथेही हिवाळ्यात सगळे तेच करतात. पाकात असतात, पाक निथळून घ्या, त्यातला चार चमचे ठेवून बाकी बाजूला, आणि फळातली साखर पूर्ण बाद. ते आधीच शिजलेले असतात त्यामुळे गॅसवर ठेवायची गरज नाही, नुसते कोमट करा आणि लिंबू जरा हात सैल सोडून पिळा, डब्यातल्या फळाला तेवढाच जिवंतपणा येतो. फ्रोझन असतील तर सरळ पातेल्यात उकळी काढून मगच, गोठलेले टाकलेत तर खालचं लोणी थिजतं आणि वेळ वाढतो.

निवृत्त_नाना:
सौ.ने शेजारच्या वहिनींना बोलावून कुकरमधे केलं, सफरचंद आणि थोडं डाळिंब. तवा मी धरला. डाळिंबाचे दाणे कडक झाले ते घालू नयेत असं दोघींचं मत, सफरचंद आवडलं. मला आइस्क्रीमऐवजी साय घालून मिळालं, तक्रार नाही.

उपाशी_बोका:
नानांनी पण केलं. फोटो कोणीच टाकत नाही. निषेध.

ओव्हनभीरू:
एक शेवटचं विचारते. डिसेंबरात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली की करायचंय, मैत्रीण आत्तापासून मागे लागलीये. फेब्रुवारीत तुती मिळाली तर तीही. स्ट्रॉबेरी पाणी सोडते ना पण?

अंगतपंगत:
भरपूर सोडते. म्हणून ती गॅसवर ठेवूच नकोस, अख्ख्या छोट्या घे, मोठ्या असतील तर दोन तुकडे, दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोर आणि साखरेत घोळवून दहा मिनिटांच्या आत भांड्यात. जास्त वेळ ठेवलीस तर ताटलीत सरबत होतं. चार कपाऐवजी तीनच कप फळ घे. तुती असेल तर देठ कात्रीने काप, हाताने खुडू नको, बोटं दोन दिवस जांभळी राहतात, आणि अर्धी तुती अर्धी स्ट्रॉबेरी कर, नुसती तुती फार गोड-गोड लागते. दालचिनी दोन्हीला नको, व्हॅनिला थेंबभर पुरे.

आणि बोक्यासाठी अख्ख्या भांड्याचा फोटो काढ, वाडग्यातला नको.